बरा न होणाऱ्याची शुश्रूषा

मे महिन्याची १२ तारीख आली की रुग्णालयांतून आणि परिचर्या महाविद्यालयांतून दीप उजळले जातात, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार घातला जातो आणि शुभ्र गणवेषातील विद्यार्थिनी रुग्णसेवेची शपथ घेतात. समारंभ सुंदर असतो आणि तो व्हावा, असेच आम्हांस वाटते. परंतु त्या दिव्याची मूळ हकीकत या वेळी आठवणे अगत्याचे आहे. १८५४ साली स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात नाइटिंगेल दाखल झाली, तेव्हा तेथल्या खाटांवरील कित्येक सैनिक बरे होणारे नव्हते. तो दिवा त्यांच्याही उशाशी थांबत होता. आज शपथ घेणाऱ्या मुलींना, जो बरा होणार नाही त्याच्या उशाशी बसून काय करावयाचे, हे आपण शिकवितो काय? हा प्रश्न समारंभाचा रसभंग करणारा असला तरी तो विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात केदारखेडा म्हणून गाव आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील, कापूस, मका आणि सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचा हा मुलूख. आमच्या शहरी वाचकांपैकी फार थोड्यांनी तो पाहिला असेल. अशा गावातल्या एखाद्या शेतकऱ्याची घटकाभर कल्पना करावी. वर्षानुवर्षांच्या तंबाखूने त्याच्या गालात व्रण झाला. तो अंगावर काढण्यात काही महिने गेले. मग तालुका, मग जालना, मग छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि कदाचित मुंबईचे टाटा रुग्णालयही त्याने पाहिले. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. घरातील एक माणूस सतत त्याच्याबरोबर राहिल्यामुळे त्याचीही मजुरी बुडाली. बैलजोडी गेली, मग जमिनीचा तुकडा गहाण पडला. आणि शेवटी एके दिवशी एका थकलेल्या डॉक्टराने, फारसा कठोर न होता, सांगितले, ‘आता घरी न्या आणि सेवा करा.’

‘सेवा करा’ हे दोन शब्द उच्चारावयास सोपे आहेत. त्यांचा अर्थ त्या घराला कोणी सांगितलेला नसतो. रात्री दोन वाजता वेदनेने तो किंचाळू लागला तर काय द्यावयाचे? गालावरची जखम फुटून तिला दुर्गंधी येऊ लागली आणि नातवंडे जवळ येईनाशी झाली, तर ती दुर्गंधी कशाने कमी होते? गिळता येत नाही, तर पाणी कसे पाजावयाचे? पाठीला जखमा पडू नयेत म्हणून कूस किती वेळाने बदलावयाची? आणि ‘मी यातून उठेन ना?’ असे त्याने विचारले तर त्याला काय उत्तर द्यावयाचे? घरात माया कमी नसते. कमी असते ती माहिती. ही माहिती घेऊन त्या उंबरठ्याशी कोणी येणार असेल, तर ती डॉक्टरापेक्षा परिचारिकाच असण्याचा संभव अधिक आहे. म्हणूनच परिचर्येच्या विद्यार्थिनीला या विषयात काय कळते आणि या कामाकडे ती कोणत्या दृष्टीने पाहते, हा केवळ विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी चघळावयाचा प्रश्न राहत नाही. तो केदारखेड्याच्या त्या घराचा प्रश्न आहे. आणि आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरावर कधी ना कधी ही पाळी यावयाचीच असल्याने तो आपलाही आहे.

ज्या शास्त्राविषयी आम्ही लिहीत आहो, त्यास इंग्रजीत ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात. मराठीत उपशामक शुश्रूषा म्हणावे. रोग हटविता येत नसला तरी त्यापासून होणारे दुःख हटविता येते, हे त्याचे सूत्र. या शास्त्राची जननी म्हणून जिचा गौरव होतो, ती सिसिली साँडर्स ही इंग्रज बाई प्रथम परिचारिका होती, पुढे रुग्णालयातील समाजसेविका झाली आणि मरणोन्मुखांच्या वेदनेविषयी डॉक्टरांना काही ऐकवावयाचे तर आपणच डॉक्टर झाले पाहिजे, म्हणून मग डॉक्टर झाली. १९६७ साली तिने लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हे रुग्णालय उघडले. शरीराची वेदना, मनाची धास्ती, संसाराची विवंचना आणि ‘हे माझ्याच वाट्याला का?’ हा आत्म्याचा प्रश्न या चारही मिळून रोग्याचे एकच दुःख होते आणि एकास वगळून दुसऱ्याचा उपाय होत नाही, ही तिची शिकवण. आपल्याकडे या विचाराने मूळ धरले ते महाराष्ट्रातच. देशातील असे पहिले शुश्रूषागृह, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्यास सुरू झाले. १९९७ साली पुण्यास वारजे येथे सिप्लाचे उपशामक शुश्रूषा व प्रशिक्षण केंद्र निघाले. या विषयातील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण देशात प्रथम सुरू झाले तेही टाटा स्मारक रुग्णालयातच, २०१२ साली. मुंबई-पुण्याला हा प्रकाश पोहोचून इतकी वर्षे झाली. तो पूर्णेच्या काठापर्यंत केव्हा पोहोचणार, एवढाच प्रश्न आहे.

आता विद्यार्थिनींकडे वळू. त्यांचे ज्ञान आणि त्यांची वृत्ती मोजण्याची साधने आज उपलब्ध आहेत. १९९६ साली कॅनडात तयार झालेली एक वीस विधानांची प्रश्नावली आहे. प्रत्येक विधान बरोबर, चूक की ठाऊक नाही, एवढेच सांगावयाचे असते. मरणोन्मुखाच्या शुश्रूषेकडे पाहण्याची वृत्ती जोखणारी तीस विधानांची दुसरी प्रश्नावली अमेरिकेतील फ्रॉमेल्ट या परिचारिकेने १९९१ साली प्रसिद्ध केली. देशोदेशींच्या परिचर्या विद्यार्थ्यांपुढे, आपल्या देशातील विद्यार्थ्यांपुढेही, ही साधने ठेवली गेली आहेत आणि त्यांतून प्रायः एकच चित्र वारंवार पुढे आले आहे. विद्यार्थिनींची वृत्ती बरी असते. ज्ञान तोकडे असते. मदत करण्याची इच्छा आहे, पण हात कोठे घालावा हे ठाऊक नाही. हे चित्र आम्हांस निराशाजनक वाटत नाही. वृत्ती बिघडलेली आणि ज्ञान भरपूर, असे उलटे असते तर उपाय अवघड होता. इच्छा असलेल्यास शिकविणे हे शिक्षणातील सर्वांत सोपे काम आहे आणि तेच आपण टाळीत आलो आहो, ही शरमेची गोष्ट होय.

अज्ञान कोणत्या ठिकाणी अधिक आहे, हेही पाहण्यासारखे आहे. पहिला गैरसमज असा की, सर्व उपाय थकल्यावर, अखेरच्या चार दिवसांत द्यावयाची ही शुश्रूषा आहे. वस्तुतः गंभीर रोगाचे निदान झाले त्याच दिवसापासून, रोग हटविणाऱ्या उपचारांच्या जोडीने, ती सुरू व्हावयाची असते. दुसरा गैरसमज असा की, ती कर्करोगापुरतीच आहे. ज्याचे हृदय थकले, ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली, ज्याला पाय चढून दम लागतो, जो पक्षाघाताने वर्षानुवर्षे अंथरुणास खिळला, त्या सर्वांचा तिच्यावर हक्क आहे. तिसरा आणि सर्वांत घातक गैरसमज मॉर्फीनविषयीचा. मॉर्फीन दिले की रोगी व्यसनी होतो, त्याचा श्वास थांबतो, किंबहुना मॉर्फीन म्हणजे मरणाची चिठ्ठीच, अशी समजूत रोग्याच्या नातलगांतच नव्हे, तर शिकलेल्या परिचारिकांतही आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कर्करोगाच्या वेदनेवरील उपायांची पायरीवार पद्धती घालून दिली. औषध शक्यतो तोंडाने द्यावे, घड्याळाच्या काट्यावर द्यावे, वेदना असह्य होण्याची वाट पाहू नये. साध्या औषधाने भागले नाही तर वरच्या पायरीवर जावे. मॉर्फीन अल्प प्रमाणात सुरू करून, दर चार तासांनी देऊन, वेदनेच्या मानाने हळूहळू वाढविले तर श्वासाचा धोका क्वचितच उद्भवतो. बद्धकोष्ठ मात्र हटकून होते, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून द्यावे लागते. इतकी ही साधी विद्या आहे. ती ठाऊक नसल्यामुळे हातातील गोळी द्यावयास जी परिचारिका कचरते, तिच्याकडून रोग्यावर अजाणता अन्यायच होतो.

या भीतीला कायद्यानेही खतपाणी घातले होते, हे कबूल केले पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की, रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकावी आणि त्याच देशातील रोग्याने अफूच्याच औषधावाचून तळमळावे, असा हा विपर्यास होता. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ही औषधे मिळण्याचा मार्ग पुष्कळच सुकर झाला. पण कायद्याच्या पुस्तकातील भीती गेली म्हणून माणसाच्या मनातील भीती जात नाही. ती घालविण्याचे ठिकाण म्हणजे वर्ग आणि रुग्णकक्ष.

वृत्तीचाही एक अवघड भाग आहे आणि तो आपल्या समाजाच्या चालीरीतींशी गुंतलेला आहे. ‘त्यांना काही सांगू नका’, हे वाक्य आपल्या रुग्णालयांच्या व्हरांड्यांत रोज उच्चारले जाते. मुलगा डॉक्टरला सांगतो, डॉक्टर परिचारिकेला बजावतो आणि रोगी, ज्याला सर्व काही केव्हाच उमगलेले असते, तोही घरच्यांच्या समाधानासाठी अजाण असल्याचे सोंग घेतो. या तिहेरी मौनात सापडते ती वीस-एकवीस वर्षांची विद्यार्थिनी. रात्रपाळीत रोगी तिलाच विचारतो, कारण त्या वेळी तीच जागी असते. खोटे बोलण्याची तिला लाज वाटते आणि खरे बोलण्याचा तिला अधिकार नाही. मग ती काय करते? खाटेजवळ जाण्याचेच टाळते. तिच्यावर निष्ठुरतेचा आरोप करणे सोपे आहे. वास्तविक, काय बोलावे हे न शिकविल्याने आलेला तो भित्रेपणा असतो. रोग्याने किती जाणावयाचे हे रोग्यालाच ठरवू द्यावे, त्याच्या प्रश्नामागचा प्रश्न ओळखावा, उत्तर नसेल तेथे निदान हात हातात घेऊन बसावे, ह्या गोष्टी शिकविता येतात. त्या जन्मजात असतात आणि शिकवून येत नाहीत, असे मानणे हा आळशी शिक्षकांचा आवडता सिद्धांत आहे. आम्ही स्वतः काही वर्षे खडू हाती धरलेला असल्याने हे थोड्या अधिकाराने लिहितो.

येथे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानभाग यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्या स्वतः परिचारिका होत्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्यांनी देह ठेवला. मधली जवळजवळ ४२ वर्षे त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना न्हाऊमाखू घातले, भरविले, कूस बदलली. हा इतिहास महाराष्ट्राला भूषणावह आहे. परंतु त्याचा एक चुकीचा बोध आपण घेऊ नये. आपल्या परिचारिका स्वभावतःच सेवाभावी आहेत, तेव्हा त्यांना वेगळे शिकविण्याची गरज नाही, हा तो चुकीचा बोध. एका सहकारिणीसाठी एका संस्थेने दाखविलेली निष्ठा हा अपवाद असतो. प्रत्येक खेड्यातील प्रत्येक रोग्याला तशी शुश्रूषा मिळावी असे वाटत असेल, तर ती थोड्यांच्या पुण्याईवर न सोपविता सर्वांच्या शिक्षणात उतरली पाहिजे.

सरकारी दप्तरात या विषयाची उपेक्षा झाली आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. उपशामक शुश्रूषेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ साली आखला गेला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तिला स्थान मिळाले. २०१८ पासून उभारलेल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांनी, ज्यांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, ज्या बारा सेवा द्यावयाच्या आहेत त्यांत वृद्धांची आणि उपशामक शुश्रूषा अंतर्भूत आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली पदवी अभ्यासक्रमाची पुनर्रचना केली, तीत या विषयाचा घटक घातला गेला. म्हणजे कागद तयार आहे. पण अभ्यासक्रमात शब्द पडला म्हणजे विषय शिकविला गेला असे नव्हे, हे कोणताही शिक्षक सांगेल. जे परीक्षेत विचारले जात नाही ते शिकविले जात नाही आणि जे शिकविणाऱ्यानेच पाहिलेले नाही ते तो वाचून दाखवितो. पोहण्याचा धडा फळ्यावर किती वेळा लिहिला तरी नदीत उतरलेला मुलगा बुडावयाचा तो बुडतोच. ज्या विद्यार्थिनीने मरणोन्मुखाच्या घराचा उंबरठा एकदाही ओलांडला नाही, तिचे या विषयातील गुण हे गुणपत्रिकेची शोभा होत.

आणि याच विद्यार्थिनींतून उद्या समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाणार आहेत. उपकेंद्रांवरील या अधिकाऱ्यांत परिचर्येची पदवी वा पदविका घेतलेल्यांचा भरणा मोठा आहे. केदारखेड्यासारख्या गावाच्या पंचक्रोशीत आजाऱ्याच्या घरी जाणारी सर्वांत शिकलेली व्यक्ती बहुधा तीच असावयाची. तिला जखम कशी धुवावी, मेट्रोनिडॅझोलची पूड टाकून दुर्गंधी कशी हटवावी, तोंडाची निगा कशी राखावी, हे येत असेल आणि ते ती घरच्या सुनेला शिकवू शकत असेल, तर त्या घराची अर्धी यातना औषधाच्या मोठ्या खर्चावाचून टळेल. कारण खरी शुश्रूषा करते ती सूनच. ‘आमच्याकडे कुटुंबसंस्था आहे, आम्हांला असल्या संस्थांची गरज नाही’, असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी त्या सुनेला एकदा विचारून पाहावे.

काहीजण म्हणतील, जेथे बाळंतपणाला डॉक्टर मिळत नाही, तेथे मरणाऱ्यांची ही चैन कशाला? हा आक्षेप व्यवहारी दिसतो, पण तो खरा नाही. ज्या उपचारांनी गुण येणार नाही त्यांच्यापायी शहरांच्या फेऱ्या घालून जी कुटुंबे कर्जात बुडतात, त्यांचा हिशेब कोणी करीत नाही. तोंडाने द्यावयाचे मॉर्फीन हे वैद्यकातील स्वस्त औषधांपैकी एक आहे. केरळात १९९३ साली कालिकत येथे डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो उद्योग आरंभिला, तो श्रीमंतांच्या जोरावर वाढला नाही. गावोगावचे स्वयंसेवक, घरोघर हिंडणाऱ्या परिचारिका आणि पुढे स्थानिक पंचायती यांच्या जोरावर वाढला. २००८ साली त्या राज्याने उपशामक शुश्रूषेचे धोरणच जाहीर केले. आफ्रिकेतील युगांडा हे आपल्याहून गरीब राष्ट्र. पण तेथे २००४ साली कायदा करून खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फीन लिहून देण्याचा अधिकार देण्यात आला. जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लक्ष लोकांना या शुश्रूषेची गरज भासते आणि ती मिळते अवघ्या १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गरजूंपैकी बहुसंख्य आपल्यासारख्या देशांत राहतात. तेव्हा ही चैन आहे असे म्हणणे म्हणजे वेदना सोसणे हा गरिबाचा धर्म आहे असे म्हणण्यासारखे आहे.

मग करावयाचे काय? आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. पहिली, आधी शिकविणाऱ्यांना शिकवावे. परिचर्या महाविद्यालयांतील निदान एका अध्यापिकेला मुंबई-पुण्याच्या केंद्रांतून प्रत्यक्ष अनुभवाचे शिक्षण मिळावे. दुसरी, प्रत्येक विद्यार्थिनीने काही दिवस घरभेटीच्या पथकाबरोबर हिंडावे आणि एका तरी कुटुंबाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करावा. तिसरी, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने प्रात्यक्षिक परीक्षेत या विषयाला जागा द्यावी. वेदना मोजणे, औषधाची वेळ बसविणे, अप्रिय वार्ता ऐकलेल्या कुटुंबाशी बोलणे, ही परीक्षेत विचारता येण्याजोगी कौशल्ये आहेत. चौथी, ज्या जिल्ह्यात ही विद्या शिकवावयाची, तेथल्या जिल्हा रुग्णालयात तोंडाने द्यावयाचे मॉर्फीन खंड न पडता मिळावे. औषधच नसेल तर शिकविलेले फुकट. जालन्यास २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. नव्या संस्थेला जुन्या सवयी नसतात. डॉक्टर आणि परिचारिका यांना हा विषय एकत्र शिकविण्याचा पायंडा तेथे पाडता येईल. पाचवी, प्रत्येक महाविद्यालयाने वर्षारंभी आणि वर्षाअखेरीस विद्यार्थिनींचे ज्ञान व वृत्ती मोजून निष्कर्ष उघड मांडावेत. आपण कोठे उभे आहो हे कळल्यावाचून पुढे पाऊल कसे पडणार?

पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदनाची स्थापना केली आणि पुढे तेथील मुलींना ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यास पाठविण्याचे ठरले, तेव्हा भल्या घरच्या मुलींनी परक्याची मलमूत्रे काढावयाची काय, म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ होते. ती नाके आज कोणास आठवत नाहीत. त्या मुलींनी पाडलेली वाट मात्र राहिली. त्या वेळी लाज होती ती शरीराच्या मळाची. आज आपल्याला संकोच वाटतो तो मरणाचा. त्याविषयी घरात बोलावयाचे नाही, वर्गात शिकवावयाचे नाही, रुग्णालयात दिसू द्यावयाचे नाही. हा संकोच मोडावयाचा तर आरंभ पुन्हा परिचारिकांपासूनच झाला पाहिजे, आणि त्यांच्या पाठीशी सुशिक्षित समाजाने उभे राहिले पाहिजे.

या वर्षीही दीप उजळले जातील. त्यांतील एखादी विद्यार्थिनी उद्या केदारखेड्याच्या वाटेवर असेल. त्या घरात ती शिरेल तेव्हा रोग्याला बरे करणे तिच्या हाती नसेल. परंतु त्याला रात्रभर झोप लागावी, त्याच्या नातवंडांनी त्याच्याजवळ बसावे आणि त्याच्या सुनेने हातपाय न गाळता त्याची उशी सारखी करावी, एवढे निश्चित तिच्या हाती असू शकते. तिला ते शिकविणे आपल्या हाती आहे.